महाकालीवर मासेमारीला जायचे तर मे नव्हे, दिवाळी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत उत्तराखंडातल्या महाकाली नदीवरचे राफ्टिंग आणि महसीर या गोड्या पाण्यातल्या मोठ्या माशाची मासेमारी यांची माहिती वाचली. मराठी दैनिकात फ्लाय फिशिंगला जागा मिळाली याचा आनंद आहे. मात्र त्यात 'मे महिन्याची सुट्टी, तीन दिवस, दोन रात्री' असा जो बेत सुचवला आहे, तो तसाच अमलात आणला तर वाचकांचे पैसे वाया जातील, बहुतेकांच्या गळाला मासा लागणार नाही, आणि लागलाच तर त्या माशाचे हाल होतील. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी महिन्याचे पाहू. पंचेश्वरच्या संगमावर दोन नद्या भेटतात. काली, म्हणजेच महाकाली, ही भारत आणि नेपाळ यांच्या सीमेवरून वाहणारी, बर्फाच्या पाण्याची नदी आहे. सरयू मुख्यतः झऱ्यांच्या आणि पावसाच्या पाण्यावर चालते. रामेश्वरला पूर्व रामगंगा तिला मिळते आणि मग ती पंचेश्वरला येते. साधारण एप्रिलच्या मध्यानंतर वरच्या पहाडात ऊन चढते, बर्फ वितळतो आणि काली राखाडी, गढूळ होऊन वाढत जाते. फ्लाय म्हणजे पिसे, केस आणि चमकीचे धागे बांधून केलेले आमिष. त्याला वास नाही, चव नाही. मासा ते नजरेने ओळखून त्यावर धावतो, आणि हातभर खोलीवरचे दिसत नसेल तर धावणार कशावर? त्यात मे महिन्यात या खोऱ्यात दुपारी अंग भाजते आणि काठच्या वाळूवर उभे राहणे नको होते.

चांगले हंगाम दोनच. एक, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. दुसरा, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरअखेर. पावसाळ्यात महसीर अंडी घालायला उपनद्यांमध्ये चढतो, तेव्हा त्याला हात लावू नये. पाऊस सरला की तो मोठ्या पात्रात उतरू लागतो. सरयूच्या तोंडाशी तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी मोठी हालचाल असते. म्हणजे सुट्टीच पाहायची तर दिवाळीची सुट्टी नदीच्या वेळापत्रकात बसते, मेची बसत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. २०२१ मध्ये १७ ते १९ ऑक्टोबरला कुमाऊंमध्ये अतिवृष्टी होऊन रस्ते तुटले होते. दिवाळी लवकर असेल तर परतीच्या तिकिटाआधी दोन मोकळे दिवस ठेवा.

आता 'तीन दिवस, दोन रात्री'चे गणित. पंचेश्वर ते टनकपूरच्या वरचे बूम हे अंतर नदीने सुमारे ७० किलोमीटर. मध्यम पाण्यात लादलेला राफ्ट ताशी सहा-सात किलोमीटर जातो. दोन-अडीच दिवसांत ७० किलोमीटर संपवायचे तर रोज पाच तास नुसते वाहत जायचे, शिवाय धबधबाटीच्या, म्हणजे खडकांतून फेसाळत धावणाऱ्या पाण्याच्या, जागी थांबून पाहणे, सामान उतरवणे, तंबू ठोकणे. उरलेला वेळ भर दुपारचा, आणि त्याच वेळी खोऱ्यात खालून वर वारा सुटतो. फ्लायची दोरी वाऱ्यात फेकणे जाणत्यालाही जड जाते. मासा खरा लागतो तो उजाडताना आणि मावळताना. नेमके तेव्हा हे लोक सामान बांधत किंवा सोडत असतात. राफ्टिंगचा बेत म्हणून तो ठीक आहे, मासेमारीचा म्हणून नाही.

आमच्या मते किमान बेत सहा दिवसांचा. पहिल्या दिवशी टनकपूरहून चंपावत, लोहाघाटमार्गे पंचेश्वर. हा रस्ता सव्वाशे-एकशे तीस किलोमीटरचा असला तरी डोंगराचा आहे, पाच-सहा तास धरा. दुसरा दिवस संगमावरच मुक्काम. नव्यांनी हा दिवस मुळीच गाळू नये, कारण हात बसतो तो इथेच. तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत रोज १५ ते १८ किलोमीटर तरंगत जायचे, म्हणजे पाण्यावर जास्तीत जास्त तीन तास. सकाळी साडेनऊपर्यंत मासेमारी, मग न्याहारी आणि आवराआवर, ११ ते २ प्रवास, ३ पर्यंत तंबू उभे, ४ पासून अंधार पडेपर्यंत पुन्हा पाण्याच्या काठी. पाचव्या दिवशी चूका येते. लधिया नदी इथे कालीला मिळते. जिम कॉर्बेटच्या नरभक्षक वाघांच्या हकिकती वाचलेल्यांना चूका आणि वरचे ठाक ही गावे ओळखीची असतील. ठाकची वाघीण त्याने ३० नोव्हेंबर १९३८ रोजी मारली. त्या संगमावर एक संध्याकाळ मिळेल असाच मुक्काम आखा.

तयारी किती आधी सुरू करायची? मार्चच्या सहलीसाठी नोव्हेंबरपासून, दिवाळीच्या सहलीसाठी जूनपासून. पहिले काम परवानगीचे. मासेमारीचा परवाना आणि नदीकाठच्या मुक्कामाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लेखी हव्यात. परवान्यावर नदीचा नेमका पट्टा, तारखा आणि रॉडची, म्हणजे मासेमारीच्या काठ्यांची, संख्या लिहिलेली असावी. 'आमचे सगळे सेट आहे' असे सहल कंपनीने सांगितले तरी कागदाची प्रत मागून घ्या. पलीकडचा काठ नेपाळचा आहे. आपल्याला नेपाळमध्ये जायला व्हिसा लागत नाही, पण म्हणून त्या काठावर तंबू ठोकणे किंवा गळ टाकणे आपल्या परवान्यात बसत नाही. सीमेवर सशस्त्र सीमा बलाच्या चौक्या आहेत. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र आणि नावांच्या यादीच्या चार-पाच प्रती कोरड्या पिशवीत वर ठेवा.

याच संदर्भात परदेशातून येणाऱ्या मराठी मित्रांसाठी महत्त्वाचे. अमेरिकेत नदीप्रवासाला जाताना उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र सर्रास नेतात. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असे यंत्र बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळांवर यावरून लोकांना अटक झालेली आहे. घरीच ठेवा. ड्रोनही नको, ही सीमा आहे. मोबाइलची आणखी एक गंमत: या पट्ट्यात फोन अधूनमधून नेपाळचे नेटवर्क पकडतो आणि घड्याळ आपोआप १५ मिनिटे पुढे जाते, रोमिंगचे पैसेही कापले जातात. वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद करा, नाहीतर बूमला गाडीशी ठरवलेली वेळ चुकेल.

दिल्लीहून टनकपूरला थेट रेल्वे आहे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, त्या दिवशीच तिकीट काढा. होळीनंतर पूर्णागिरीची जत्रा सुरू होते आणि पुढचे काही आठवडे टनकपूरमध्ये गाड्या, खोल्या, जीप कशालाच जागा नसते. मार्चचा बेत असेल तर तारीख ठरवण्याआधी पंचांगात होळी बघा. विमानाने दिल्लीला जाणाऱ्यांनी गळ, पक्कड, चाकू हे सगळे चेक-इन सामानात टाकावे. पॉवर बँक जवळच्या पिशवीत. गॅसचा डबा विमानात चालत नाही. पाच किलोची एक टाकी टनकपूरला घेतली तर आठ माणसांना पाच दिवस पुरते.

आता होडी. राफ्टिंगवाले साधारण १६ फुटी राफ्ट देतात, त्यात सहा-आठ जण वल्ही मारतात. वल्हे मारणाऱ्याच्या हातात रॉड राहू शकत नाही. मासेमारीला १४ फुटी राफ्ट, त्यावर लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट, मधे एक नावाडी दोन लांब वल्ह्यांवर, एक मासेमार पुढे आणि एक मागे अशी रचना हवी. सामानासाठी वेगळा राफ्ट. सहा मासेमारांना तीन अधिक एक, म्हणजे चार राफ्ट. हा खर्च टाळण्यासाठी एकाच राफ्टमध्ये चौघांना बसवले की दोऱ्या एकमेकांत अडकतात आणि कोणाच्या तरी कानात गळ जातो. दोघे असतानाही नियम पक्का असावा: पुढच्याने पुढच्या अर्ध्या बाजूलाच फेकायचे, मागच्याने मागच्या. नावाड्याच्या डोक्यावरून दोरी कधीही जाता कामा नये. टोपी आणि चष्मा तिघांनाही सक्तीचा.

राफ्टबरोबर काय आहे ते कंपनीला विचारा आणि निघण्याआधी डोळ्यांनी बघा. प्रत्येक राफ्टमागे एक जादा वल्हे, पंप, पाण्यात पडलेल्याकडे फेकायची २० मीटर दोरीची फेकपिशवी. ठिगळाचे सामान राफ्टच्या कापडाला जुळणारेच हवे. पीव्हीसीचा गोंद हायपॅलॉनला, म्हणजे रबरी कापडाला, धरत नाही, ठिगळ पहिल्याच खडकावर सुटते. हवेबद्दल एक चूक नेहमी होते. सकाळच्या गारव्यात राफ्ट टणक फुगवतात, नदीत थंड पाण्यावर तो मऊ पडतो म्हणून आणखी हवा भरतात, मग दुपारी तोच राफ्ट वाळूवर उन्हात ओढून ठेवतात. आतली हवा प्रसरण पावते आणि आतला पडदा फाटतो. राफ्ट काठाला लावला की प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडायची, निघताना भरायची.

धबधबाटीच्या आधी रॉड उघडा ठेवू नये. जोडलेला नऊ फुटी रॉड राफ्टबाहेर डोकावत असतो, खडकाला किंवा वल्ह्याला लागून टोक मोडते. चार तुकड्यांचा रॉड दोन मिनिटांत सुटतो, नळीत घाला आणि पट्ट्याने चौकटीला बांधा. चूकाजवळची धबधबाटी या पट्ट्यातली सर्वांत जोरकस. ती काठावरून चालत जाऊन आधी बघायची. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी काठाने चालत खाली जावे. त्यात कमीपणा काही नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे इतके आवळलेले असावेत की खांद्याला धरून ओढले तरी जॅकेट हनुवटीपर्यंत वर येणार नाही. हेल्मेटही हवेच.

पुरवणीत रॉडविषयी एकच ओळ होती आणि ती ट्राउट या लहान माशाच्या रॉडविषयी होती. पाच वेटचा (वेट म्हणजे रॉड किती जड दोरीसाठी आहे तो आकडा) ट्राउटचा रॉड इथे उपयोगाचा नाही. महसीरसाठी नऊ फुटी, आठ ते दहा वेटचा रॉड घ्या. नव्याने एकच घ्यायचा तर नऊ वेटचा. रीळाचा ब्रेक मजबूत आणि त्यावर फ्लायच्या दोरीमागे ३० पौंडी बॅकिंग, म्हणजे मागची राखीव दोरी, किमान १८० मीटर. गळाला लागलेला महसीर पहिल्या धावेतच खालच्या धबधबाटीकडे सुटतो, आणि बॅकिंग कमी असेल तर तिथेच सगळे संपते. दोऱ्या दोन: एक तरंगणारी, एक टोकाला बुडणारी. पुढे साडेसात ते नऊ फुटांचा, २० पौंडी लीडर, म्हणजे फ्लाय बांधायची टोकाची दोरी. यापेक्षा बारीक लावू नये. बारीक दोरीवर मासा अर्धा तास झुंजवावा लागतो आणि सोडल्यानंतर तो थकव्याने मरू शकतो.

फ्लाय म्हणजे छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या: क्लाउझर मिनो, डिसिव्हर, वूली बगर. रंग ऑलिव्ह-पांढरा, काळा, तपकिरी-सोनेरी. गळ चार नंबरपासून दोन-शून्यपर्यंत, जाड तारेचा. माणशी ३० फ्लाय न्या, निम्म्या खडकांत जातात. महसीरच्या जबड्यावर दात नसतात, पण जबड्याची पकड जबर असते आणि घशात कठीण दात असतात. पातळ तारेचा गळ सरळ होतो किंवा चेपतो. प्रत्येक गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दाता, घरीच पक्कडीने दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवली तर बिनकाट्याच्या गळावरून मासा सुटत नाही. आणि माणसाच्या हातात गेला तरी तो गळ सहज निघतो.

कुठे फेकायचे? जिथे पांढरे पाणी संपून डोह सुरू होतो तिथे, वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर. प्रवाहाच्या आडवे फेकून फ्लाय वळू द्या, मग हातभर लांब, जलद ओढी घ्या. मासा धरतो तेव्हा सवयीने रॉड वर उचलला जातो आणि तिथेच बहुतेक मासे सुटतात. रॉडचे टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने दोरी जोरात मागे ओढायची, गळ बसला याची खात्री झाल्यावरच रॉड उचलायचा. हे अंगवळणी पडायला घरी सराव हवा. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर, गळाऐवजी लोकरीचा झुबका बांधून, महिनाभर रोज २० मिनिटे. नऊ वेटच्या रॉडने १८ मीटर दूर आणि वाऱ्यातही १२ मीटर फेकता येईल तेव्हा सहलीचे पैसे भरा. नदीवर जाऊन शिकू म्हणणारे पहिले दोन दिवस झुडपांतून फ्लाय काढत बसतात.

मासा सोडण्याविषयी पुरवणीत एक शब्दही नव्हता, आणि छायाचित्रात मात्र कल्ल्यात बोटे घालून उभा धरलेला महसीर होता. याचे फार वाईट वाटले. सोनेरी महसीर आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. सुरुंग, ब्लीचिंग पावडर, उपनद्यांतली जाळी यांनी तो आधीच कमी झाला आहे. कल्ले म्हणजे त्याची फुप्फुसे. बोट लागले की रक्त येते आणि तो मासा पाण्यात परतला तरी जगेलच असे नाही. बिनगाठीचे रबरी जाळे वापरा, मासा जाळ्यात पण पाण्यातच ठेवा, हात आधी ओले करा, गळ पक्कडीने काढा. फोटो हवा तर एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, पाण्यापासून वीतभर वर, दहा सेकंद. मग तोंड प्रवाहाकडे करून संथ पाण्यात धरून ठेवा. तो स्वतः जोर करून जाईपर्यंत सोडू नका. पुढे-मागे हलवू नका, पाणी उलटे कल्ल्यात जाते. महसीर वाळूवर कधीही ठेवू नये.

मुक्कामाची जागा निवडताना नदी रात्रीत वाढते हे गृहीत धरा. वर धौलीगंगेवर २८० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे; पाणी सोडले-अडवले की खालची पातळी बदलते, आणि आभाळ निरभ्र असले तरी वर कुठे पाऊस पडला असेल ते इथे कळत नाही. तंबू पाण्यापासून लांब असून भागत नाही, उंच हवा: पातळीपेक्षा किमान दोन मीटर वर. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि झोपण्याआधी बघा. राफ्ट दोन वेगळ्या दोऱ्यांनी दोन वेगळ्या खडकांना बांधा. गधेऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी तंबू नको.

पिण्याचे पाणी माणशी रोज चार लिटर, वस्ती नसलेल्या गधेऱ्यातून घेऊन, उकळून. जेवण आपले साधेच बरे: पोहे, उपमा, डाळ-तांदूळ, कांदे-बटाटे, पहिल्या दोन दिवसांना भाज्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पाच दिवस सहज टिकते, राफ्टवरच्या दुपारसाठी त्यासारखे दुसरे काही नाही. मासा खायचा बेत मनातही नको. आणि शौचाचे स्पष्टच लिहितो, कारण कोणी लिहीत नाही: वाळूत पुरलेले पुढच्या पुरात नदीतच जाते. सहा माणसांना पाच दिवसांसाठी २० लिटरचे, रबरी कडेच्या घट्ट झाकणाचे दोन डबे आणि चुन्याची एक पिशवी पुरते. डबे सामानाच्या राफ्टमध्ये मागे बांधायचे आणि शहरात नीट रिकामे करायचे. सहल कंपनीला हे विचारून बघा. उत्तरावरून ती कंपनी कशी आहे ते कळते.

औषधांच्या पेटीत रोजची औषधे दुप्पट, दोन वेगळ्या कोरड्या पिशव्यांत. रस्ता नदीकाठी सगळीकडे पोहोचत नाही. दवाखान्यासाठी लोहाघाट, चंपावत किंवा थेट टनकपूर. कुठल्या मुक्कामावरून कुठल्या गावापर्यंत चालत जाता येते, हे नकाशावर आधीच खूण करून प्रत्येकाकडे द्या.

बूमला उतरायचेच. पुढे टनकपूरचा बंधारा आहे, राफ्टने त्याच्या जवळपास जाऊ नये. गाडीवाल्याला तिथला नेमका उतार आदल्या आठवड्यात दाखवून ठेवलेला असावा.

पंचेश्वरला प्रस्तावित धरणाचा उल्लेखही पुरवणीत हवा होता. १९९६ च्या भारत-नेपाळ महाकाली करारातले, तीनशे मीटरांहून उंच असे हे धरण अजून झालेले नाही. झाले तर महसीरची उपनद्यांकडची वाट बंद होईल. हा विषय आपल्या वार्ताहरांनी स्वतंत्रपणे हाताळावा अशी विनंती.

ज्यांना इतक्या दूर जाणे जमणार नाही त्यांना महसीर महाराष्ट्रातही पाहता येतो. आपला दख्खनी महसीर, म्हणजे खडशी, कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरूनच शास्त्रीय नावाने नोंदवला. त्या नावातला 'खुद्री' हा आपल्याच बोलीतला शब्द. महाडजवळ वाळणकोंडला आणि वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे इथे देवस्थानाच्या डोहांत ते मासे पिढ्यान् पिढ्या राखलेले आहेत. तिथे गळ टाकायचा नाही, काठावर बसून बघायचे. मासा प्रवाहाकडे तोंड करून कसा उभा राहतो, कुठल्या खडकाआड विसावतो, सावली पडली की कुठे पळतो, हे तिथे तासभर बघितले तर कालीवर फ्लाय कुठे टाकायची ते आपोआप समजते.

पुढच्या पुरवणीत 'मे' हा महिना दुरुस्त करून छापावा, आणि ते कल्ल्यात बोटे घातलेले छायाचित्र पुन्हा वापरू नये.

आपले,
नदीप्रवास आणि फ्लाय फिशिंग करणारे काही वाचक, पुणे